आयबिकेची रिकामी ओळ

पुरुषांची पंगत ऊन वर यायच्या आतच उठली होती. वर्षदिनाचा पलाव खाऊन, दोन्ही तळहात वर करून, होसियत-ओतिनसाठी दुवा मागून मर्गिलानच्या त्या मोहल्ल्यातले सगळे आपापल्या कामाला गेले. मागे राहिला तो एकटा नेमत, आणि तोही राहावं की जावं हे न ठरल्यामुळे.

होसियत त्याची थोरली बहीण. मोहल्ल्यातल्या आयांना आणि पुढे त्यांच्या मुलींनाही तिनं अक्षर शिकवलं, बायकांच्या बैठकीत पुस्तकं वाचून दाखवली, म्हणून ती ओतिन; आणि गेल्या वर्षी तुती पिकायच्या दिवसांत ती गेली. ओतिनच्या घरी बायका वाचायला जमल्या की फाटकाशेजारच्या मातीच्या ओट्यावर नेमतनं बसायचं, हा शिरस्ता तो तरुण असल्यापासूनचा. दर वेळी बहिणीचा निरोप यायचा, ‘नेमतजान, तू येऊन बस.’ आज निरोप धाडणारं कुणी नव्हतं. सगळं आयुष्य ग्रंथालयातली पुस्तकं बांधण्यात गेलेला हा माणूस, बोलावल्याशिवाय कुठे बसायचं त्याला ठाऊक नव्हतं. चहाचा रिकामा पियाला हातात धरून तो द्राक्षाच्या मांडवाखाली घुटमळत होता.

“तोगा, उभे का? बसा की.” होसियतची मुलगी मुनव्वर आतून आली. मामाला ती लहानपणापासून तोगाच म्हणायची. ताश्कंदच्या संस्थेत इतिहास शिकवून तिचे केस पांढरे झाले होते, पण चालणं अजून शाळेला उशीर झालेल्या मुलीसारखं. तिनं पिशवीतून एक बाटली काढून त्याच्या कोटाच्या खिशात सरकवली. “या वेळचं नवीन आहे. रात्री झोपताना एक चमचा. नुसतं फळीवर ठेवू नका.”

“नाही, नाही. घेईन.”

नेमतच्या छातीला कधी काही झालं नव्हतं. पण मामाला जुनाट खोकला आहे अशी मुनव्वरची शेंबड्या वयापासूनची समजूत, आणि मर्गिलानला येताना ती न चुकता बाटली आणायची. इतक्या मायेनं आणलेल्या वस्तूला ‘मला खोकला नाही’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं, हे त्याला आजवर सुचलं नव्हतं. घरी बाटल्यांची एक फळी झाली होती.

तंदूरपाशी सबोहत वाकून नान काढत होती. होसियतची सून, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सासूच्या सुतकाचे निळे कपडे आज तिच्या अंगावर शेवटचे होते. दुपारी बायका जमल्या की वडीलधारी कुणी तिच्या डोक्यावर सुतक संपल्याचा पांढरा रुमाल घालणार, आणि मग पुढे काय, हे मात्र कुणी बोलत नव्हतं.

ते बहोर-अम्मा बोलली. बहोर ही मुनव्वरची आत्या, होसियतची नणंद. तिच्या तोंडात चारच दात उरले होते, पण जीभ सगळीच्या सगळी होती.

“बायका यायला लागतील आता,” मांडवाखालच्या बाजेवर पाय वर घेत ती म्हणाली. “तोरवर कोण बसणार ते एकदा ठरवा. मागच्या साली नुरीच्या घरी दोघी जणी एकाच गादीवर बसल्या, आणि बायका पलाव सोडून तेच बघत राहिल्या.”

तोर म्हणजे खोलीतली दारासमोरची मानाची जागा. या घरात तिथे फक्त वाचणारी बसायची. आणि जी तिथे बसून आयबिका राणीचं पुस्तक वाचेल, पुस्तक तिचं, शिकायला येणाऱ्या मुली तिच्या, आणि खरं सांगायचं तर घरही तिचंच.

“मी वाचेन,” मुनव्वर म्हणाली. “आईची मुलगी मीच आहे. उद्या पुस्तक माझ्याबरोबर ताश्कंदला येईल. इथे भिंतीला ओल आहे, अम्मा, पानं चिकटायला लागलीत. संस्थेत कोरड्या खोलीत राहील. सगळ्यांना बघता येईल.”

“बरोबर आहे,” बहोर म्हणाली. “आणि सबोहतचा भाऊ रिश्तानहून बोलावतोच आहे. वर्ष झालं, सासूची सेवा झाली. अजून ती म्हातारी नाही.”

सबोहतनं नानांची परडी बाजेवर ठेवली. हातावरचं पीठ झटकलं. ती कमी बोलायची; या घरात आली तेव्हा बहोरनं तिला मुकी ठरवून टाकलं होतं.

“आपा,” ती मुनव्वरला म्हणाली, “ओतिन-ओयींनी मला फातिहा दिला आहे.”

सासूला ती नेहमी ओतिन-ओयीच म्हणायची. फातिहा देणं म्हणजे गुरूनं तळहात उघडून शिष्येला ‘आता तू वाच’ असं सांगणं. त्याशिवाय कुणी ओतिन होत नाही.

“कधी?” मुनव्वरनं विचारलं.

“शेवटच्या दुखण्यात. दुपारी. तुम्ही औषध आणायला गेला होतात.”

“खोलीत कोण होतं?”

“त्या आणि मी.”

बहोर हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, पाणी प्यायली, तरी हसतच होती. “ऐका. घरात आयबिका आली. तिचंही हेच होतं की. बाप म्हणाला तख्त तुझं, खोलीत दोघंच.”

नेमतनं नजर पियाल्यात घातली. आयबिकेची गोष्ट मर्गिलानच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होती, पण दोन प्रकारची. पुरुषांच्या बखरीत ती खानाची लेक, जिनं धाकट्या भावासाठी तख्त राखलं आणि तो मोठा झाल्यावर परत दिलं. बायकांच्या पुस्तकात ती राणी. बापानं मरताना तख्त तिला दिलं. चुलता तोग्रुल म्हणाला, साक्षीदार आण. काझीनं भर दरबारात तेच विचारलं. ते बायकांचं पुस्तक नेमतनं दोनदा नव्यानं बांधलं होतं, आणि दोन्ही वेळा नजर फक्त सुई-दोऱ्यावर ठेवली होती. ते पुरुषांनी वाचायचं नसतं. दुसरं जे हाताला लागलं ते सगळं त्यानं वाचलं होतं.

“अम्मा, चेष्टा नको,” मुनव्वर म्हणाली. “मी या राणीवर पंधरा वर्षं घालवलीत. तिच्या नावाचं नाणं नाही, शिलालेख नाही. तिनं भावासाठी तख्त राखलं, उत्तम राखलं, एवढंच सिद्ध होतं. राखणदार होती ती.”

बहोरचं हसू थांबलं.

“कोण?”

“राखणदार. त्यात कमीपणा काय आहे?”

“म्हणजे वाटेवरचा खरबुजांचा मळा राखतो तसला?” बहोर पाय खाली सोडून ताठ बसली. “माझी आजी आयबिकेची शपथ घ्यायची. माझ्या आईनं बाळंतवेणांत देवाच्या पाठोपाठ तिचं नाव घेतलं. सात वर्षांच्या दुष्काळात जिनं स्वतःच्या पागेतले घोडे बायकांच्या नांगराला दिले, ती राखणदार? तुला ताश्कंदनं बिघडवलं ग.”

“घोड्यांचं मला कबूल आहे, अम्मा. ते बखरीतही आहे. मला ती आवडते म्हणून तर पुरावा शोधला. नाही मिळाला.”

“पुस्तकात साक्षीदार आहे ना.”

“प्रत्येक पुस्तकात वेगळा आहे. हीच तर अडचण.” मुनव्वरचा आवाज वर्गात असतो तसा झाला. “जी ओतिन नक्कल करते, ती साक्षीदाराची ओळ स्वतःची लिहिते. तुमच्या आजीच्या वेळी बापाचा घोडा दरबारात येऊन राणीपुढे गुडघे टेकायचा.”

“टेकायचाच.”

“पुढचीनं लिहिलं, पाळणा बोलला. त्यापुढचीनं लिहिलं, शहरातल्या सगळ्या बायका ओल्या केसांनी धावत आल्या. आणि आईनं?” ती थांबली. इथे तिचा आवाज थोडा उतरला. “आईनं काहीच लिहिलं नाही. काझी विचारतो, ‘तुझा साक्षीदार कोण?’ त्याखाली एक ओळ कोरी. त्याखाली, ‘आणि राणी तख्तावर बसली.’ आई माझ्याहून प्रामाणिक. तिला साक्षीदार सापडला नाही, तर तिनं खोटा घातला नाही.”

“ती ओळ कोरी नाही, आपा,” सबोहत म्हणाली.

“मी भिंगातून पाहिली आहे.”

“लिहिलेली नाही. पण वाचायची असते.”

“कोरा कागद कसा वाचतात?”

“ओतिन-ओयींनी शिकवलंय तसा.”

मुनव्वरनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. नेमतला वाटलं, परीक्षेत अवघड उत्तर देणाऱ्या विद्यार्थिनीकडे ती अशीच बघत असेल. मग ती अचानक त्याच्याकडे वळली.

“तोगा, तुम्ही सांगा. आई तुमच्याशी बोलायची. हिला फातिहा दिल्याचं काही म्हणाली होती?”

नेमतनं रिकामा पियाला बाजेवर ठेवला. बहीण त्याच्याशी बोलायची ती हवेबद्दल, बांधणीच्या सरसाच्या किमतीबद्दल, त्याच्या गुडघ्यांबद्दल. ती सबोहतवर किती विसंबली होती हे त्याला दिसत होतं. पण दिसणं म्हणजे साक्ष नव्हे. उगाच बोलून एकीचं घर जायचं किंवा दुसरीचं मन मोडायचं. या भाचीला त्यानं खांद्यावर बसवून तुती खायला घातल्या होत्या.

“मला… बायकांच्या वाचण्यातलं मला काही कळत नाही,” तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला स्वतःची लाज वाटली.

“झालं,” बहोर म्हणाली. “या माणसाला दोन दारं दाखवली तर हा अंगणात झोपेल. मीच सांगते. सबोहत रिश्तानला जायची असेल तर जाईल, पण आयबिकेला राखणदार म्हणणारी तोरवर बसलेली मला चालणार नाही. तोर रिकामी ठेवा. ही वाचू दे. कोरी ओळ वाचून दाखवली तर फातिहा खरा. नाही दाखवली तर मुनव्वर, पुस्तक तुझं.”

“कबूल,” मुनव्वर म्हणाली.

सबोहतनं मान हलवली आणि परडी उचलली. नेमतजवळून जाताना ती थांबली. “तोगा, तुम्ही फाटकाशी बसणार ना?”

“आता कशाला? आता कुणाला भ्यायचंय?”

“बसा,” ती म्हणाली. आवाज तिचा होता, पण तो शब्द खाली टाकायची रीत होसियतची होती.

तो जाऊन ओट्यावर बसला.

या ओट्यावर तो पहिल्यांदा बसला तेव्हा असं वाचण्यावर सरकारची बंदी होती. बायका टोप्यांवर कशिदा भरायला आल्याचा बहाणा करून यायच्या. मांडीवर टोपी, मन दुसरीकडे. कोणी तक्रार केली तर ओतिनला घेऊन जायचे, परत येईलच असं नव्हतं. नेमत फाटकाशी पुस्तक उघडून बसायचा. आतला आवाज थांबला की गल्लीत दोन्हीकडे बघायचा, आणि वाट मोकळी असली की खोकायचा. मग आवाज पुन्हा सुरू व्हायचा. शब्द त्यानं कधी ऐकले नाहीत; ऐकायचे नसतात म्हणून तो हातातल्या पानात मुद्दाम डोकं खुपसून बसे. पुढे दिवस बदलले, भीती गेली, बायका मोकळेपणी येऊ लागल्या. तरी होसियतचा निरोप येतच राहिला. तरी आतला आवाज एकदा थांबायचा, आणि नेमत गल्लीत दोन्हीकडे बघून खोकायचा. एकट्या पडलेल्या भावाला काहीतरी काम असावं म्हणून ती दयेनं बोलावते, असं त्यानं मनाशी धरलं होतं. त्याबद्दल तो तिचा ऋणी होता, आणि थोडा खजीलही.

दुपारपर्यंत घर भरलं. रेशमी झग्यांची सळसळ, मुलांना दटावणं, ‘तू पुढे बस’, ‘नको ग, गुडघे दुखतात’. उकाड्यानं खिडक्या सताड उघड्या होत्या. बहोरनं सगळ्यांना गप्प केलं. नेमतनं सवयीनं पुस्तक उघडलं, मग मिटलं. आज पहिल्यांदा तो ऐकणार होता.

सबोहतचा आवाज आला. तोरवरून नव्हे, उंबऱ्याजवळून, जिथे शिकणाऱ्या मुली बसतात. सुरुवातीला तो थरथरत होता. मग आयबिका जन्मली आणि आवाज स्थिर झाला.

नेमत ऐकत राहिला, आणि इतकी वर्षं आपण कशाला पाठ फिरवून बसलो होतो हे त्याला हळूहळू कळायला लागलं. ही बखरीतली बाई नव्हती. ही घोड्याचा नाल स्वतः तपासायची, दरबारात जांभई आली तर उघड जांभई द्यायची. बाप आजारी पडला तेव्हा त्याच्या उशाशी बसून तिनं त्याची दाढी विंचरली. तो म्हणाला, तख्त तुझं. ती म्हणाली, बाबा, हे बाहेर जाऊन सांगा. तो म्हणाला, चालवत नाही. आणि गेला. चुलता तोग्रुल दारात उभा राहिला, मागे चाळीस तलवारी. ‘मुली, तुझ्या बापावर माझंही प्रेम होतं,’ तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं, असं पुस्तकात लिहिलं होतं. नेमतला ते वाक्य फार आवडलं. दुष्टालाही न्याय देणारं हे कुणी लिहिलं असेल? कुठल्या तरी स्वयंपाकघरात, चुलीतली राख काढता काढता, कुठल्या ओतिननं?

मग दरबार भरला. आयबिका उभी राहिली, बसली नाही. काझी म्हातारा होता आणि भला होता. त्याला तिच्या बाजूनं निकाल द्यायचा होता, पण देता येत नव्हता.

“काझी म्हणाला,” सबोहतनं वाचलं, “‘बेटी, तुझं म्हणणं खरं असेल. पण तू एकटी आहेस. तुझा साक्षीदार कोण?’”

आवाज थांबला.

गल्लीत एक सायकल गेली. तुती टपकल्या.

“पुढे वाच,” मुनव्वर म्हणाली.

“थांबायचं असतं, आपा.”

“किती वेळ?”

“साक्षीदार येईपर्यंत. ओतिन-ओयी म्हणाल्या होत्या, पहिल्यांदा हे पुस्तक परत उघडलं तेव्हा याच ओळीला गल्लीत बुटांचा आवाज आला होता. सगळ्या थांबल्या. कुणाला वाटलं आता संपलं. मग बाहेरून खूण आली आणि त्यांनी पुढची ओळ वाचली. तेव्हापासून त्यांनी तिथे दुसरं काही लिहिलं नाही. म्हणाल्या, घोडा नको, पाळणा नको. जो दाराशी बसला आहे तोच.”

ओट्यावर नेमतनं हातातलं मिटलेलं पुस्तक बाजूला ठेवलं.

म्हणजे दया नव्हती. इतकी वर्षं, पाऊस-थंडीत, तो रिकामा बसला नव्हता. न वाचलेल्या पुस्तकात त्याची ओळ होती आणि तो ती दर वेळी म्हणत आला होता.

आता सगळ्या वाट बघत होत्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत नुसता श्वास सोडला तरी येणारा खोकला आज काही केल्या येईना. त्यानं सवयीनं गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. डावीकडे मांजर. उजवीकडे कुणी नाही. खोकलो तर भाचीच्या हातातून आईचं पुस्तक जातं. न खोकलो तर? ती राणी दरबारात उभीच राहील. बहीणही तिथेच उभी आहे, असं त्याला वाटलं, पुस्तकावर बोट ठेवून, कान फाटकाकडे लावून.

वाट मोकळी होती. त्याला विचारलं होतं ते फक्त एवढंच, आणि ते त्याला नक्की ठाऊक होतं.

तो खोकला. भलताच मोठा आणि बेसूर. मांजर पळालं.

“आणि राणी,” सबोहत म्हणाली, तिचा आवाज फुटला आणि सावरला, “आणि राणी तख्तावर बसली.”

आत एक लांब सुस्कारा झाला, खोलीभर बायकांचा मिळून एकच. मग नाकं पुसणं, मग हसू, मग बहोरचा आवाज सगळ्यांवर: “ऊठ ग, उंबऱ्यात काय बसलीस भिकारणीसारखी? तिकडे तोरवर हो. पुढचं वाचायचंय अजून. ए, सरका, वाट द्या तिला. मुनव्वर, तो पांढरा रुमाल कुठे ठेवलास?”

“माझ्याकडे आहे,” मुनव्वर म्हणाली. मग थोड्या वेळानं, जवळून, हळू आवाजात, “मान खाली कर. केस अडकतायत.”

नेमत ओट्यावर बसून राहिला. वाचन संपलं, दुवा झाली, पियाले वाजले. ऊन मांडवावरून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा मुनव्वर चहा घेऊन बाहेर आली आणि त्याच्याशेजारी बसली. तिचे डोळे लाल होते. तिनं गल्लीत पाहिलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे.

“भिंतीची ओल मी काढून घेते,” ती म्हणाली. “गवंडी बघा कुणी चांगला. पुस्तक इथे राहायचं असेल तर भिंत कोरडी पाहिजे.”

“बघतो.”

“आणि मला ते पुरावा म्हणून लिहिता येणार नाही, तोगा. दाराशी बसलेला माणूस खोकला, असं.”

“नाही, नाही. ते कसं लिहिणार.”

“पण लिहीन,” ती म्हणाली. “कुठेतरी.”

त्यानं चहाचा घोट घेतला. तिनं त्याच्या कोटाकडे पाहिलं.

“माझी आधीची औषधं,” ती म्हणाली, “कधीतरी घेतलीत का?”

“नाही,” नेमत म्हणाला.

मुनव्वरनं हात पुढे करून त्याच्या खिशातली बाटली काढली, झग्याच्या कडेनं पुसली, आणि ताश्कंदला परत न्यायच्या पिशवीत, पुस्तकासाठी ठेवलेल्या रिकाम्या जागेत, नीट उभी ठेवली.